शंका विचारली, पण घेतल्यासारखी वाटली

वाचकाचं पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढले. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. सध्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं सांभाळते. मध्यंतरी परदेशातल्या एका गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमधलं एक माप मला कळलं नाही, म्हणून मेल केला, 'वुई हॅव अ डाउट अबाउट युवर ड्रॉइंग.' उत्तर इतकं तुटक आलं की साहेबांना फोन करून सारवासारव करावी लागली. तेव्हापासून मी मोबाइलवर इंग्रजी शब्दांच्या जोड्यांच्या याद्या पाठ करतेय. डिनाय-रिफ्यूज, बाय-अंटिल, अश्युअर-एन्शुअर. रात्री सगळं येतं आणि सकाळी मेल लिहायला बसलं की दोन्ही शब्द एकदम समोर उभे राहतात. पूर्वी एक तरी यायचा! नवरा म्हणतो, घरी मुलाशी इंग्रजीच बोलत जा, म्हणजे तुझंही सुधारेल. काय करू?
– एक वाचक, बडोदा

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

याद्या आजपासून बंद करा. 'पूर्वी एक तरी यायचा' हे तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य आहे. त्याचा दोष तुमच्या स्मरणशक्तीकडे जात नाही, याद्यांकडे जातो. त्याबद्दल पुढे सांगते. आधी तो मेल.

ड्रॉइंगमधलं माप नेमकं किती, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं. आपण त्याला शंकाच म्हणतो. वर्गात बाई विचारतात, 'कुणाला काही शंका?' तुमच्या गुजराती शाळेतही शंकाच म्हणत असतील. या शंकेला इंग्रजीत डाउट म्हणायचं हे आपल्याकडे इतकं रुळलंय की 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की भारतातल्या कुठल्याही ऑफिसात समोरच्याला तो प्रश्नच वाटतो. देशाबाहेर मात्र त्या वाक्याचा अर्थ 'तुमचं ड्रॉइंग बरोबर आहे असं आम्हाला वाटत नाही' असा होतो. तुम्ही शंका विचारलीत आणि त्यांना वाटलं, तुम्ही शंका घेतलीत.

या दोन क्रियापदांकडे जरा थांबून बघा. मराठीत शंका विचारतात, शंका घेतात आणि शंका येतेही. नाम एकच, पण क्रियापद बदललं की गोष्टच बदलते. शंका विचारली तर इंग्रजीत क्वेश्चन. घेतली तर डाउट. आली तर बहुतेक वेळा सस्पेक्ट. डाउट आणि सस्पेक्ट यांचे अर्थ इंग्रजी-मराठी कोशात जवळजवळ सारखे दिसतात, पण वाक्यात ते एकमेकांच्या उलट दिशेला जातात. 'आय डाउट दे हॅव पेड' म्हणजे त्यांनी पैसे भरले नसावेत असं मला वाटतं. 'आय सस्पेक्ट दे हॅव पेड' म्हणजे भरले असावेत असं वाटतं. वसुलीच्या मेलमध्ये ही अदलाबदल झाली तर अकाउंट्सवाले पैसे मिळाले असतानाही तगादा लावतील.

त्या गिऱ्हाइकाशी साहेब बोललेच आहेत, तेव्हा माफीचा लांबलचक मेल नको. पुढच्या कामाच्या मेलमध्ये एक ओळ घाला: 'माय अर्लियर मेसेज वॉज ओन्ली अ क्वेश्चन अबाउट वन डायमेन्शन.' तेवढ्याने भागेल. आणि इथून पुढे देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलमध्ये डाउटच्या जागी क्वेश्चन किंवा क्वेरी.

आता याद्या. सारख्या अर्थाचे दोन नवे शब्द एकाच बैठकीत शिकले की ते एकमेकांत मिसळतात. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी शिक्षकांना याबद्दल सावध केलेलं आहे. कारण समजायला सोपं आहे. दोन्ही शब्दांची ओळख एकाच क्षणी, एकाच ओळीत झाली, तर मनात त्यांची जोडीच राहते आणि कुठला शब्द कुठला हेच नेमकं निसटतं. म्हणून आधी एकच शब्द घ्या. तो चार मेलमध्ये वापरा, फोनवर बोला, अंगवळणी पडू द्या. मगच दुसऱ्याकडे वळा. शब्दांच्या जोड्या छापणारी पुस्तकं आणि व्हिडिओ खूप चालतात, कारण त्यांत पुष्कळ शिकल्याचं समाधान पटकन मिळतं. तुमच्यासारख्या कष्टाळू माणसाचा वेळ त्यांत वाया जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय अर्थाच्या जवळ असलेले शब्द वेगळे ठेवणं तुम्हाला जमत नाही, असं अजिबात नाही. तुम्ही साडी नेसता, ड्रेस घालता आणि घरातलं कुणी लग्नात फेटा बांधतं. भाजी चिरता, कागद कापता, देवपूजेला फुलं खुडता. यांच्या व्याख्या तुम्हाला कुणी पाठ करायला लावल्या नव्हत्या. नेसणे साडीबरोबर ऐकलं, चिरणे भाजीबरोबर. शब्द त्याच्या सोबत्यासकट कानावर पडला आणि तसाच राहिला. मराठी शिकणाऱ्या एखाद्या इंग्रजाला विचारा. त्याच्याकडे या सगळ्या पोशाखांसाठी एकच वेअर आहे, आणि साडी घालू की नेसू या प्रश्नाने तो तुमच्याइतकाच हैराण होतो.

त्यामुळे माझा सल्ला असा: इंग्रजी जोडीपासून सुरुवात करू नका. ज्या मराठी शब्दापाशी तुम्ही अडखळता, तो एकटा किती कामं करतोय ते आधी बघा. मग त्या प्रत्येक कामाचं इंग्रजी वाक्य सोबत्यांसकट उचला.

तुमच्या कामात सगळ्यांत जास्त घोळ 'पर्यंत' घालत असणार. 'शुक्रवारपर्यंत कागद पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे', दोन्हीकडे पर्यंतच. पहिल्या वाक्यात काम एकदाच व्हायचंय, शुक्रवार ही त्याची शेवटची मुदत. दुसऱ्यात एक स्थिती शुक्रवार येईतो चालू राहते. इंग्रजीत पहिल्याला बाय, दुसऱ्याला अंटिल. 'सेंड द डॉक्युमेंट्स अंटिल फ्रायडे' लिहिलंत तर शुक्रवार उजाडेपर्यंत रोज कागद पाठवत राहा, असं काहीसं विचित्र वाचलं जातं. इथे मराठी मदत करत नाही, पण तुमच्याकडे गुजराती आहे! गुजरातीत 'शुक्रवार सुधी' आणि 'शुक्रवार सुधीमां' हा फरक तुम्ही लहानपणापासून न चुकता करत आलात. सुधीमां तिथे बाय, सुधी तिथे अंटिल. पुण्या-मुंबईच्या माणसाकडे नसलेली ही सोय बडोद्याच्या मराठी माणसाकडे आहे. ती वापरा. मेल लिहिताना मनातल्या मनात वाक्य गुजरातीत म्हणून बघा, उत्तर तिथेच मिळेल.

तुम्ही एलसीचे, म्हणजे कागद अटींप्रमाणे असले तर पैसे देऊ अशा बँकेच्या हमीपत्राचे, कागद बघत असाल तर हे शब्द आणखी काटेकोर होतात. या एलसीचे, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटचे, आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे 1 जुलै 2007 पासून लागू असलेले यूसीपी 600, यांच्या कलम 3 मध्ये असे साधे शब्दही बांधून दिले आहेत. माल चढवण्याच्या मुदतीसाठी अंटिल, टिल, फ्रॉम किंवा बिट्वीन वापरलं तर लिहिलेली तारीख धरायची. बिफोर किंवा आफ्टर वापरलं तर ती वगळायची. 'ऑन ऑर अबाउट' म्हणजे त्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत, दोन्ही टोकं धरून. आणि प्रॉम्प्ट, इमीजिएटली, ॲज सून ॲज पॉसिबल हे शब्द, एखाद्या दस्तऐवजातच ते वापरायची अट नसेल तर, विचारातच घ्यायचे नाहीत. कुणी कितीही कळकळीने लिहिले तरी. बँक एका दिवसाच्या फरकावरून कागद परत करू शकते. त्यामुळे माझं मत विचाराल तर तुमच्या टेबलावरची सगळ्यांत महत्त्वाची शब्दसूची म्हणजे हे एक पान. साहेबांकडून त्याची प्रत मागून घ्या.

दुसरा शब्द 'नाकारणे'. आपण आरोप नाकारतो, आमंत्रण नाकारतो, माल नाकारतो, अर्जही नाकारतो. इंग्रजीत चौघांना चार शब्द: डिनाय, डिक्लाइन, रिफ्यूज, रिजेक्ट. कागदपत्रांच्या कामात घोळ होतो तो पहिल्या आणि तिसऱ्यात. 'द बायर डिनाइड टू टेक डिलिव्हरी' हे वाक्य भारतभर ऑफिसांत लिहिलं जातं आणि ते चूक आहे. मराठी वर्तमानपत्रात तुम्ही वाचलं असेल, मंत्र्यांनी आरोपाचा इन्कार केला. तो इन्कार म्हणजे डिनाय: जे म्हटलं गेलं ते खरं नाही, असं सांगणं. 'यायला नकार दिला' यातला नकार म्हणजे रिफ्यूज: एखादी गोष्ट करणार नाही, असं सांगणं. इन्कार आणि नकार, आपल्याच भाषेतले दोन शब्द. नाकारणे या एकाच क्रियापदाची सवय लागल्यामुळे ते मागे पडले, एवढंच.

यांचे सोबतीही वेगळे आहेत. रिफ्यूजच्या मागून टू येतो: 'रिफ्यूज्ड टू साइन', सही करायला नकार दिला. डिनायच्या मागून आयएनजीचं रूप: 'डिनाइड साइनिंग', म्हणजे मी सही केलीच नव्हती असं म्हणाला. या दोन वाक्यांवर कोर्टातला दावा इकडचा तिकडे होऊ शकतो. आमंत्रणाला किंवा एखाद्या ऑफरला सभ्यपणे नाही म्हणायचं असेल तर डिक्लाइन. एक अपवाद लक्षात असू द्या: 'परमिशन वॉज डिनाइड' हे बरोबर आहे, कारण तिथे कुणाला तरी काहीतरी मिळू दिलं गेलं नाही.

मराठी नुसता घोळच घालते असं मात्र नाही. काही ठिकाणी ती इंग्रजीच्या बरोबरीने नेमकी आहे आणि आपण तिचं ऐकत नाही. 'ही सेड मी' लिहिणाऱ्याने म्हणणे आणि सांगणे यांचा विचार केला असता तर चूक झाली नसती. 'तो म्हणाला, माल तयार आहे' हे से. 'त्याने मला सांगितलं' हे टेल, आणि टेलला बहुतेक वेळा ऐकणारा माणूस लागतोच. तसंच ऐकू येणे म्हणजे हिअर आणि ऐकणे म्हणजे लिसन. फोनवर आवाज तुटायला लागला की आपल्याकडचे लोक विचारतात, 'आर यू लिसनिंग?' पलीकडच्याला ते 'लक्ष आहे का तुझं?' असं ऐकू येतं आणि वाईट वाटतं. तुम्हाला 'ऐकू येतंय का?' विचारायचं आहे, म्हणून 'कॅन यू हिअर मी?' दिसणे आणि बघणे हेही असंच: दिसलं तर सी, बघितलं तर लुक. क्रिकेटचा सामना बघत बसलात तर वॉच. आठवणे म्हणजे रिमेंबर, आठवण करून देणे म्हणजे रिमाइंड. 'प्लीज रिमेंबर मी टुमॉरो' हे निरोप घेतानाचं वाक्य झालं. उद्या आठवण करून द्या असं सांगायचं असेल तर 'रिमाइंड मी'.

अश्युअर, एन्शुअर आणि इन्शुअर या तिघांसाठी मराठी फारशी उपयोगी पडणार नाही. इथे पुढे काय येतं तेवढंच बघा. अश्युअरच्या पुढे माणूस: 'आय अश्युअर यू', मी तुम्हाला खात्री देते. एन्शुअरच्या पुढे काम: 'वुई विल एन्शुअर टाइमली डिस्पॅच', माल वेळेत निघेल याची व्यवस्था आम्ही करू. 'आय एन्शुअर यू' ही तुमच्या क्षेत्रात रोज दिसणारी चूक आहे. इन्शुअरमध्ये विमा आला, पैसे आले. अमेरिकन लिखाणात एन्शुअरच्या जागी इन्शुअर दिसलं तर गोंधळू नका, तिथे ती पद्धत आहे. आणि 1919 साली स्थापन झालेल्या न्यू इंडिया अश्युरन्सच्या नावात अश्युरन्स का, असा प्रश्न पडला असेल तर विम्यासाठी हा जुना ब्रिटिश शब्द आहे. तुमच्या मेलमध्ये मात्र विम्यासाठी इन्शुरन्सच लिहा.

होप आणि विश यांत सूर बिघडतो, म्हणून ही जोडी महत्त्वाची. होऊ शकेल अशा गोष्टीसाठी होप: 'वुई होप टू रिसीव्ह द पेमेंट बाय मंडे.' विश बहुधा जे नाही आणि व्हावंसं वाटतं त्यासाठी. 'आय विश यू वुड रिप्लाय' म्हणजे 'कधी उत्तर देणार आहात एकदाचे!' इतका वैताग त्यात असतो. शुभेच्छा देताना विश हवंच, बाकी पत्रव्यवहारात होप ठेवा. आणि उत्तरासाठी रिप्लायच लिहा. रिव्हर्टचा अर्थ मूळ स्थितीला परत जाणं. उत्तर देणे या अर्थाने तो भारतात चालतो, सिंगापूर-मलेशियात चालतो, इतरत्र वाचणारा अडखळतो.

काही जोड्यांवर फार वेळ घालवू नका. ऐतिहासिक या आपल्या शब्दात हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल दोन्ही मावतात. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या राज्यात लागू केलं, हा निर्णय हिस्टॉरिक. त्या निर्णयाचा दफ्तरात पडलेला कागद हिस्टॉरिकल. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेबद्दलचं, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं, स्वस्तात पडणारं. फ्यूअर आणि लेस यांत मोजता येणाऱ्या वस्तूंना फ्यूअर, पण इथे खुद्द इंग्रजही बोलताना फारसे काटेकोर नसतात. त्यावर झोप घालवू नका. बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं, एवढं पुरे.

अफेक्ट-इफेक्ट किंवा प्रिन्सिपल-प्रिन्सिपल हा वेगळा रोग आहे. ते शब्द आपण देवनागरीत लिहिले की जवळजवळ सारखे दिसतात, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये वेगळे असतात. पहिल्या जोडीत बहुतेक वेळा 'ए'ने सुरू होणारं क्रियापद, 'ई'ने सुरू होणारं नाम. मुद्दल किंवा मुख्याध्यापक असेल तर शेवटी ए-एल, तत्त्व असेल तर एल-ई. या बाबतीत पाठांतरच करायचं, दुसरा उपाय नाही.

कोश कुठला वापरायचा, हेही सांगते, कारण इंग्रजी-मराठी कोशाने तुम्हाला इथवर आणलं आणि इथून पुढे तो नेणार नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. परकीयांना शब्दाचा अर्थ कळतो पण तो वाक्यात कसा बसवायचा ते कळत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि सहकाऱ्यांबरोबर कोश तयार केला. तो 1942 मध्ये टोकियोत छापला गेला. आजचा ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश त्यातूनच आला. प्रत्येक क्रियापदाच्या मागून काय येतं ते त्यात दाखवलेलं असतं. रिफ्यूज काढा, टू दिसेल. डिनाय काढा, आयएनजी दिसेल. मोबाइलवर तो फुकट बघता येतो. रोज एकच शब्द काढा, त्याखालची सगळी उदाहरणं वाचा आणि त्यातलं एक वाक्य तुमच्या कारखान्याचं करून वहीत लिहा.

इंग्रजी शब्दांची नेमकी जागा ठरवण्याची खटपट तुमच्या गावात फार पूर्वी झालेली आहे. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश बडोदा संस्थानाने 1931 मध्ये काढला. एका भाषेतला शब्द दुसरीत नेमका कुठे बसतो हे त्यांनी सात भाषांत तपासलं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलात तर त्याची चौकशी जरूर करा.

राहिला तुमच्या यजमानांचा प्रश्न. मुलाशी मराठीच बोला. इंग्रजी त्याला शाळेत मिळतंय, गुजराती रस्त्यावर आणि शेजारी मिळतंय, मराठी तुमच्याखेरीज त्याला कोण देणार? आणि वर जे सांगितलं त्यातलं अर्धं, म्हणजे म्हणणे-सांगणे, ऐकणे-ऐकू येणे, इन्कार-नकार, हे त्याच्या इंग्रजीच्या कामी तेव्हाच येईल, जेव्हा त्याच्याकडे मराठी पुरेशी असेल. घरात तुम्ही दोघं चुकीचं इंग्रजी बोललात तर तो तेच उचलेल आणि मग शाळेला ते सोडवावं लागेल.

यजमानांना मदत करायचीच असेल तर एक काम द्या. परदेशी जाणारा महत्त्वाचा मेल पाठवण्यापूर्वी, ऑफिसच्या नियमांत बसत असेल तर, त्यातलं अडलेलं वाक्य त्यांना वाचून दाखवा आणि त्याचा अर्थ मराठीत सांगायला लावा. त्यांनी सांगितलेली मराठी आणि तुमच्या मनातली मराठी जुळली नाही, तर ते वाक्य बदला. सुरुवात पर्यंतपासून करा. बाय पक्कं होईस्तोवर अंटिलला हात लावू नका.